खणातला हात

"मयतासारखं झाकायला लावलंय. आता उदबत्ती तेवढी राहिली," हर्षाली पुटपुटली.

ते कोणाला ऐकवायला नव्हतं. पण छाया तिच्यापासून दीड हातावर उभी होती, आणि दीड हातावरून माणसाच्या पोटातली गुरगुरसुद्धा ऐकू येते. हर्षालीची पाठ होती. आपल्या काउंटरवरच्या पाच डेमो फोनांवर ती पांढरा कपडा अंथरत होती, चारी कोपरे ओढून सारखे करत होती. कपडा नवा कोरा, घडीच्या रेघा मोडायला तयार नव्हत्या. खालचे फोन उभे, त्यामुळे कपडा जागोजागी वर उचलला गेलेला. पाच जण पांघरूण घेऊन गुडघे वर करून झोपल्यासारखे. छायाला हसू आलं. ते तिनं आलं तसं गिळलं, आणि गिळताना तिच्या लक्षात आलं, की हे काही चांगलं हसू नव्हतं.

नाशिक रोडला बिटको चौकाच्या अलीकडे योगेशशेठचं मोबाईलचं दुकान. शेठ मूळचे निफाडचे, घरी द्राक्षबाग, पण यांचं चित्त काचेच्या कपाटांत. दुकानात छाया आणि हर्षाली दोघी कामाला असल्या तरी पगार शेठचा नव्हता. एकेका फोन कंपनीनं आपापली एकेक बाई बसवलेली, प्रमोटर म्हणतात. गिऱ्हाईक आत आलं की आपल्या कंपनीकडे वळवायचं, एवढंच काम. छायाच्या कंपनीचा टी-शर्ट जांभळा, हर्षालीच्या कंपनीचा गुलबक्षी. छाया जांभळ्यात आजारी दिसायची हे तिला स्वतःलाच माहीत होतं. हर्षालीला गुलबक्षी असा शोभायचा, की कंपनीनं रंग ठरवायच्या आधी हिला बोलावून उभी केली असावी. दोघींचा डबा एकत्र. हर्षालीच्या डब्यातली शेवभाजी छाया मिटक्या मारत खायची आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगायची, तेल फार घालते ती पोरगी.

भांडण दिल्लीला, कोर्टात. छायाच्या कंपनीचं म्हणणं असं, की अंधारात फोटो काढताना एकापाठोपाठ नऊ फोटो घ्यायचे, ते एकावर एक बसवायचे आणि त्यांतून एक स्वच्छ फोटो करायचा, ही रीत आमची. आमच्या नावावर तिचं पेटंट आहे. गुलबक्षी कंपनीनं ती न विचारता घेतली. त्यांचं म्हणणं, आमची रीत वेगळी, आम्ही सातच घेतो. निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर गुलबक्षी कंपनीचे ते फोन विकायचे नाहीत, दाखवायचेही नाहीत, असा तात्पुरता हुकूम झाला. कंपनीकडून मेसेज आला: डेमो पीस झाकून ठेवा, प्रमोटरनं रोज हजर राहावं, महिनाअखेर बघू. त्या 'बघू'चा अर्थ दुकानात सगळ्यांना कळला. मंगलाबाई दुकान झाडायच्या, दोन वेळा चहा करायच्या. त्यांना छायानं हा नऊ फोटोंचा प्रकार समजावून सांगितला तेव्हा त्या झाडू टेकवून ऐकत राहिल्या. "म्हंजे घडीच्या पोळीसारखं," त्या म्हणाल्या. "तीन पदर घालून लाटायची रीत कोनीतरी आपल्या नावावर लावून घेतली."

"तसंच काहीसं."

"आन् पह्यल्यांदा लाटली कोनी, ते कोन सांगनार?" मंगलाबाईंनी विचारलं, साधंच, मान तिरपी करून. मग त्यांची नजर टेबलाच्या खणाकडे गेली, तिथून छायाकडे आली आणि लगेच झाडूकडे वळली. "चहा टाकते," त्या म्हणाल्या. नुकताच तर झाला होता.

टेबलाचा खण. छायाच्या काउंटरच्या मागे एक जुनं लाकडी टेबल आहे, शेठच्या वडिलांच्या वेळचं. त्याचा खालचा खण खोल आणि आत मिट्ट काळोख. गिऱ्हाईक आलं, की छाया म्हणते, काका, हात द्या जरा. काका बावचळतात. ती त्यांचा हात खणात घालायला लावते, खण होता होईल तेवढा लोटते, फटीतून फोन आत सरकवते आणि फोटो काढते. आणि मग पडद्यावर तो हात. अंधारातला, पण एकेक रेघ मोजून घ्यावी असा. अंगठ्याजवळची चीर, बागेला बांधणी करताना तारेनं झालेली जुनी खूण, नखात राहिलेला औषधाचा निळा. माणसं स्वतःचा चेहरा रोज बघतात. हात असा कोणी दाखवलेला नसतो. गप्प होतात. बायकोकडे बघतात. त्या गप्प होण्यातच छायाचे फोन खपायचे. 'खणातला फोटो' हे नाव छायानं दिलं. कंपनीच्या मीटिंगमध्ये सांगितलं, तिथून ते जिल्हाभर झालं; आता देवळ्याच्या दुकानातला प्रमोटरसुद्धा गिऱ्हाइकाचा हात कांद्याच्या पोत्यात घालायला लावून फोटो काढतो म्हणे.

हे सुचलं कसं, ते छायानं इतक्या वेळा सांगितलं होतं, की सांगताना तिला विचार करावा लागत नसे. मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट, दुकानात ही गर्दी, बिलबुक सापडेना, म्हणून मी खणात हात घातला. इथे ती थोडं थांबायची. खण अंधारा, काही दिसेना, आणि माझ्या दुसऱ्या हातात हा फोन. बस. एवढंच. ऐकणारे म्हणायचे, कमाल आहे ताई. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो फक्त म्हणाला, "बिलबुक मिळालं का मग?" तो नोटांच्या प्रेसमध्ये चोवीस वर्षं आहे. दिवसभर कोऱ्या नोटा डोळ्यांसमोरून जातात आणि सुटताना फाटकात रोज झडती. खिसे बाहेर, डबा उघडा, हात वर. लग्न नवं होतं तेव्हा छायानं विचारलं होतं, लाज नाही वाटत? तो म्हणाला, "उलट बरं वाटतं. घरी येताना माहीत असतं, आपल्याजवळ आपलंच आहे." हे वाक्य तिला हल्ली फार वेळा आठवायचं, आणि दर वेळी नवऱ्याचा रागच यायचा. एवढं सोपं असतं त्याचं. फाटकावर दुसरंच कोणी तपासतं.

तिची झडती घ्यायला कोणी नव्हतं. तिला हर्षाली होती.

हर्षाली आली होती ती छायाच्याच हाताखाली. गेल्या वर्षी सणाचे तीन महिने जांभळ्या कंपनीनं तात्पुरती मुलगी दिली, ती ही. पंचवीस-सव्वीसची, बीकॉम अर्धवट, दात जरा पुढे, नाकात खड्याची चमकी. त्या चमकीवर दुकानातले सगळे दिवे एकदम पडायचे. गिऱ्हाइकाची नजर आधी तिथे जायची आणि मग फोनवर. छायाचं लग्न दाबाच्या नथीवर झालं होतं. सासू वर्षभर म्हणत होती, टोचून घे बाई, शोभा येते. छायानं घेतलं नाही. दुखतं म्हणून नव्हे; सासूनं सांगितलं म्हणून. आणि आता पंचेचाळिशी ओलांडल्यावर बावीस रुपयांच्या त्या खड्याकडे बघून तिचं स्वतःचं नाक तिला मोकळ्या भिंतीसारखं वाटायचं. छायानं तिला सगळं शिकवलं. उभं कसं राहायचं, नवरा-बायको आली तर बोलायचं कोणाशी आणि बघायचं कोणाकडे, किंमत कधी सांगायची. तीन महिने झाले आणि समोरच्या कंपनीनं हिला जास्त पगार देऊन उचललं. पेढे घेऊन आली पोरगी. "ताई, तुमच्यामुळे झालं." छायानं अर्धा पेढा खाल्ला. उरलेला अर्धा तिनं कागदात गुंडाळून त्याच खणात ठेवला होता. मुंग्या लागेपर्यंत तो तिथेच होता.

मग गुलबक्षी काउंटरवर हर्षालीनंही गिऱ्हाइकांना हात मागायला सुरुवात केली. तिच्याकडे खण नव्हता, ती येऊन छायाचाच वापरायची, हसून, "ताई, घेऊ का जरा?" म्हणून. आठ दिवस छाया बोलली नाही. नवव्या दिवशी शेठसमोर म्हणाली, आवाज थोडा चढलाच, की आपण काहीतरी डोकं चालवून काढावं आणि दुसऱ्यानं ते उचलून आपल्याचसमोर दुकान मांडावं, याला काय म्हणतात? शेठ मान खाली घालून कॅल्क्युलेटरची बटणं दाबत राहिले. कॅल्क्युलेटर बंद होता. मंगलाबाई काच पुसत होत्या, ती एकच काच पुसत राहिल्या. हर्षाली छायाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर छायाला पुढचे सहा महिने सोपे गेले असते. राग नव्हता. काय होतं ते छायानं नीट पाहिलं नाही. "बरं ताई," हर्षाली म्हणाली, "नाही घेत खण."

दुसऱ्या दिवशी ती ओढणी घेऊन आली, जाड, काळी, आरशांची. गिऱ्हाइकाच्या हातावर ओढणी टाकायची, तिच्याखाली फोन सरकवायचा, आणि फोटो. काकांचा हात नाही, काकूंचा. "काकी, तुमचाच द्या. यांचा सगळं जग बघतं." बायका लाजायच्या, बांगड्या मागे सारायच्या, ओढणीखाली हात द्यायच्या. फोटोत भाकरीचे चटके दिसायचे, गोंदलेलं माहेरचं नाव दिसायचं, आणि कडेला आरशांचे बारीक तारे. एक म्हातारी निफाडची, तिचा हात बघून तिचा नवरा म्हणाला होता, "हा कधी भाजला गं?" आणि ती म्हणाली, "झाली की बारा वर्सं." त्यांनी दोन फोन घेतले. छाया आपल्या काउंटरवरून बघत होती. खण बंद केला म्हणून या पोरीला ओढणी सुचली. आपण तिला काहीतरी हिसकावून घेतलं आणि तिनं सहज दुसरं उचललं, खाली पडलेलं काही उचलावं तसं. रात्री पोळ्या लाटताना छायानं आपला पदर हातावर टाकून पाहिला. पदर फिका होता, उजेड आत यायचा. तिनं पदर खोचला.

एका कपड्याखाली एवढी विक्री करणाऱ्या मुलीवर आता पाच फोन कपड्याखाली घालून नुसतं उभं राहायची वेळ आली होती, आणि छायाला वाटलं होतं, आता सुख होईल. पहिले दोन दिवस झालंही. सगळी गिऱ्हाइकं तिच्याकडे. पण आठवड्यात जांभळ्या कंपनीनं जुना फोन बदलून घ्यायची सवलत बंद केली, फुकटचे इयरफोन बंद केले आणि किंमत दोन हजारांनी वर नेली. सिन्नरकडचा एक शेतकरी थेट झाकलेल्या कपड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "त्यो दाखवा ना."

"तो बंद आहे काका. कोर्टात आहे."

"फोन? कोर्टात?" त्यानं कपड्याचा कोपरा उचलून आत डोकावलं. "जामीन नाय का मिळत याला?"

हर्षाली खळखळून हसली. छायाही हसली, अर्धवट. मग जांभळ्या फोनची किंमत ऐकून तो म्हणाला, "मागल्या हप्त्यात भाच्यानं नेला तवा दोन हजार कमी व्हता. एवढ्यात काय याला पिल्लं झाली?" आणि निघून गेला. शेठ दारापर्यंत गेले, परत आले आणि हवेत बोलल्यासारखं म्हणाले, "तुम्ही दोघी एकमेकींच्या उरावर बसत होतात, तेव्हा माझं दुकान चालत होतं." छायाच्या मनात आणखीच वाईट आलं. समोर कोणी नसेल तर कंपनीला आपली तरी काय गरज? आणि त्याहून वाईट: दिवस संपता संपत नव्हता. सकाळी आल्यापासून तिचं लक्ष शेजारी असायचं, आज काय करते ही, आज काय बोलते, आणि आज ही काहीच करत नव्हती. छायाला स्वतःचंच बोलणं शिळं लागत होतं. मत्सर हासुद्धा एक उद्योग असतो. तो अचानक बंद पडला, की हातांचं काय करावं कळत नाही.

अशात पुण्याहून सायली मॅडमचा फोन आला. कंपनीच्या ट्रेनिंगवाल्या. खणातल्या फोटोचा व्हिडिओ करायचा आहे, तुमच्या नावानं, तुमच्या तोंडून. जिल्ह्यातल्या सगळ्या प्रमोटरना तोच दाखवू, आणि जिल्ह्याच्या ट्रेनर म्हणून तुमचं नाव पुढे पाठवते. निफाड, देवळा, सटाणा, फिरावं लागेल. "आणि ताई, तुमच्या काउंटरवर कोणाला घ्यायचं ते तुम्हीच सुचवा. तुमचा शब्द आम्ही घेऊ." छायानं हो म्हटलं. कोणाला घ्यायचं ते मात्र सांगितलं नाही. तिला माहीत होतं. शेठना माहीत होतं. ते दोनदा येऊन "घरातलंच माणूस बरं असतं" असं काहीतरी बोलून गेले. मंगलाबाईंना माहीत होतं. हर्षालीनं शब्द काढला नाही. तिनं एकदा विचारलं असतं, ताई, माझं नाव सांगाल का, तर छायाला नाही म्हणता आलं असतं, किंवा हो म्हणून मोठं होता आलं असतं. ती विचारतच नव्हती. महिनाअखेरीला चार दिवस होते आणि ही पोरगी झाकलेल्या फोनांवरची धूळ झटकत होती. छायानं मनात सिडकोतल्या दुकानातल्या पूजाचं नाव ठरवून टाकलं. पूजा मठ्ठ होती. या टेबलामागे, या खणापुढे हर्षाली उभी आहे आणि तिचं जास्तच चांगलं चाललंय, हे चित्र छायाला एक क्षणसुद्धा डोळ्यांपुढे धरवत नव्हतं. पूजा चालली असती.

बुधवारी सकाळी, दुकानाचं अर्धंच शटर वर, तेव्हा सायली मॅडम आल्या. चटपटीत, तिशीच्या, हातात छोटा स्टँड. फोन स्टँडवर लावला, छायाच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असा दिवा ठेवला. "ताई, एकदम घरच्यासारखं बोला. आणि कोणाचा तरी हात लागेल खणात." शेठचा हात बोटोबोटी अंगठ्यांनी भरलेला, मंगलाबाईंचे हात साबणात. "माझा घ्या ना," हर्षाली म्हणाली आणि गुलबक्षी टी-शर्टवर ओढणी घेऊन, रंग दिसू नये म्हणून, टेबलापाशी येऊन बसली. हात खणात. छायानं खण लोटला, फटीतून फोन सरकवला, बटण दाबलं. तिच्या हाताला सवय होती, ती आपोआप करत गेली. पडद्यावर हात आला, आणि तिनं फोन जवळ ओढला. मधल्या बोटाच्या पेरावर ती कापल्याची खूण, चंद्रकोरीसारखी. हा फोटो तिनं आधी पाहिला होता. हाच. या खणात काढलेला पहिला. गेल्या दिवाळीपासून तो तिच्या फोनमध्ये होता, पुसावा म्हणून तिनं कितीदा तरी उघडलेला आणि पुसला नव्हता.

"सुंदर," सायली मॅडम म्हणाल्या. "आता सांगा, हे सुचलं कसं?"

छायानं सांगितलं. दिवाळीच्या आधीची गोष्ट, दुकानात ही गर्दी, बिलबुक सापडेना. नेहमीच्या जागी ती थांबली. आवाज चांगला लागला होता, तो तिला स्वतःला दुरून ऐकू येत होता, दुसऱ्याच कोणा बाईचा असावा तसा. खण अंधारा, काही दिसेना, आणि दुसऱ्या हातात हा फोन.

"एक मिनिट," सायली मॅडमनी विचारलं. मनात वाईट काही नव्हतं. बघणाऱ्यांना नीट कळावं एवढंच. "बिलबुक तर हाताला लागेल ना ताई. केवढं असतं ते. त्याच्यासाठी फोटो कशाला काढला?"

कोणीही हे विचारलं नव्हतं आजवर. मीटिंगमध्ये नाही, जिल्ह्यात नाही. शेठनी शटरकडे तोंड केलं. मोरीत मंगलाबाईंचा नळ बंद झाला. आणि छायाला तो दिवस दिसला, कोणी कपडा ओढून बाजूला करावा तसा. बिलबुक नव्हतंच. गर्दीसुद्धा नव्हती, दुपारची मरगळ होती. नाकाशी बोट नेऊन रडकुंडीला आलेली हर्षाली, "ताई, माझी चमकी पडली खणात," आणि मग खणात कोपरापर्यंत हात, "लागत नाहीये हो," आणि मग डेमो फोन उचलून तो आतच घालणं, वेड्यासारखं, "थांबा, फोटोत दिसेल." दिसली होती. फळीच्या फटीत, खसखशीएवढी. आणि तिच्या शेजारी हा हात. "अय्या ताई, माझा हात बघा ना," म्हणून ती केवढी हसली होती. छाया तिच्या मागे उभी होती, आणि हसत नव्हती. त्या क्षणी, चमकी नाकात परत जायच्या आतच, तिनं ते मनात उचललं होतं.

"बिलबुक नव्हतं मॅडम," हर्षाली म्हणाली.

तिचा हात अजून खणातच होता. छायाच्या मनात आलं, अखेर बोलली. बोल, एकदाचं बोलून टाक.

"ताईंना सांगायला लाज वाटते," हर्षाली हसून म्हणाली, कॅमेऱ्याकडे न बघता, सहज. "ताईंची नाकातली चमकी पडली होती आत. एवढीशी. हाताला लागेना म्हणून ताईंनी फोटो काढून बघितला. तेच सांगा ना ताई, किती मस्त वाटेल ऐकायला."

सायली मॅडमचा चेहरा उजळला. "अगं, हे तर भारीच आहे. ताई, हेच सांगा. पुन्हा घेऊ." त्या स्टँडशी वाकल्या. छाया हर्षालीकडे बघत राहिली. त्या दिवशी शेठसमोर या डोळ्यांत काय होतं ते तिनं पाहिलं नव्हतं, आता दिसलं. कीव नव्हती. लहान मुलाला आपलं खेळणं देऊन टाकावं, इतकं साधं काहीतरी होतं. रीत दिली, नाव दिलं, आता चमकीही दिली. रडली होती तो दिवससुद्धा उचलून दिला. आणि छायाच्या आत जे उसळून आलं, ती कृतज्ञता नव्हती, पश्चात्तापही नव्हता; ते तेच जुनं होतं, ओळखीचं, कडू. म्हणजे हेसुद्धा हिचंच का? फोटो हिचा, ओढणी हिची, गिऱ्हाइकं हिची, आणि आता हे देऊन टाकणंही हिनंच करायचं, आणि आपण घेत बसायचं, जन्मभर, निफाडला, देवळ्याला, दुकानादुकानात?

"हं ताई, बोला. चमकी पडली तिथून."

दिवा डोळ्यांवर येत होता. छायानं खण पूर्ण बाहेर ओढला आणि हर्षालीचा हात मनगटाला धरून उजेडात वर काढला, जरा जोरातच.

"माझं नाक टोचलेलंच नाही मॅडम," ती म्हणाली. "चमकी हिची होती. फोटो हिनं काढला. मी नुसती मागे उभी होते."